नवीन घराचा खडीचा चढ पक्का करायचाय, डांबर की काँक्रीट की ब्लॉक?

आडवाट
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी नवीन घरात राहायला आलोय. घर मस्त आहे, घराबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती रस्त्यापासून दारापर्यंतच्या चढाबद्दल. रस्ता खाली, घर वर, मध्ये साधारण ४० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा खडी टाकलेला चढ. घर बघायला आलो तेव्हा सगळं कोरडं होतं आणि आधीच्या मालकांची दणकट गाडी सरसर वर गेली, आम्ही वर पोचल्यावर खिडकीतनं दिसणारं दृश्य बघत बसलो, खाली कोण बघतंय!

आता आमची छोटी गाडी मधल्या टप्प्यात गेली की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, खडी मागे उडते, क्लच जळल्याचा वास येतो, मग मी बायकोला आणि सगळं सामान खाली उतरवतो, परत रस्त्यावर मागे जातो आणि लांबून जोर घेऊन येतो. परवा पावसात तर ब्रेक घट्ट दाबलेला असताना गाडी दोन-तीन फूट मागे घसरली. पोटात गोळा आला. शिवाय प्रत्येक पावसानंतर खडी खाली रस्त्यावर आणि मी फावडं घेऊन ती परत वर. शेजारचे काका रोज 'व्यायाम जोरात चाललाय' म्हणतात.

तीन जणांना बोलावलं. पहिला म्हणाला डांबर, एका दिवसात मोकळे. दुसरा म्हणाला काँक्रीटशिवाय पर्याय नाही. तिसरा म्हणाला ब्लॉक, दिसायला पण छान. तिघांनीही उरलेल्या दोघांना नावं ठेवली, आणि तिघांपैकी एकानेही टेप बाहेर काढली नाही. आता तुम्हीच सांगा.

टिवल्याबावल्या
पक्कं होईपर्यंतचा तात्पुरता उपाय: रिव्हर्समध्ये चढवा. मस्करी नाही. छोट्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद बहुतेक वेळा पुढच्या चाकांना असते, चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात आणि फिरत राहतात. उलटी चढवली की तीच चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर येतं. मान दुखेल पण क्लच वाचेल.

गवंड्याचा_नातू
वरचा सल्ला बरोबर आहे, मान सांभाळून करा.

पण डांबर की काँक्रीट हा प्रश्न तिसरा आहे हो. पहिला प्रश्न चढ किती आहे आणि दुसरा पाणी कुठून कुठे जातं. हे दोन सुटले की तिसरा आपोआप सुटतो.

चढ मोजायला काही लागत नाही. २ मीटरची सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, वर स्पिरिट लेव्हल ठेवा. फळीचं चढाकडचं टोक जमिनीला टेकवायचं, उताराकडचं टोक उचलत न्यायचं, बुडबुडा मध्ये आला की थांबायचं. आता उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर अंतर आहे ते मोजा आणि त्याला २ ने भागा, झाले टक्के. म्हणजे ३६ सेंटिमीटर आलं तर १८ टक्के. असं खालपासून वरपर्यंत सगळीकडे मोजा आणि इथे टाका, एकाच ठिकाणचा आकडा नको.

आणि टक्के आणि अंश यांची गल्लत करू नका, कंत्राटदारसुद्धा करतात. २० टक्के म्हणजे जेमतेम ११ अंश. ४५ अंश म्हणजे १०० टक्के, तिथे गाडी नाही, शिडी लागते.

नुसताच_वाचक
वाचतोय. आमचाही असाच प्रकार आहे, फक्त १५ मीटर.

आडवाट
मोजलं! मुलीने फळी धरली, मी आकडे लिहिले, दीड तास मजेत गेला. खालचे १० मीटर साधारण १० टक्के. मधले १६ मीटर २२ टक्के (इथेच गाडी रडते). वरचे १४ मीटर १४ टक्के, आणि दारासमोर एकदम सपाट. एकूण चढ साडेसहा मीटरच्या आसपास येतोय.

आणखी एक, वर जिथे चढ संपून सपाट होतं तिथे चार माणसं बसली असतील तर गाडीचं चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) घासतं. कर्र असा आवाज येतो आणि सगळे एकदम गप्प होतात.

गवंड्याचा_नातू
शाब्बास. आता बघा, ४० मीटरमध्ये साडेसहा मीटर म्हणजे सरासरी १६ टक्केच आहे. सर्वसाधारणपणे १५ पर्यंत कुठलीही गाडी आरामात जाते, २० ला त्रास सुरू होतो, २५ च्या वर करूच नये. म्हणजे तुमचा चढ मुळात वाईट नाहीये, तो नीट विभागला गेला नाहीये. मधल्या तुकड्यावर सगळा बोजा टाकलाय.

आणि चेंबर घासतं ते चढ जास्त आहे म्हणून नाही, चढ एकदम तुटतो म्हणून. वर आणि खाली दोन्हीकडे निदान ३ मीटर तरी निम्म्या चढाचे ठेवायचे, म्हणजे साधारण ८ टक्के. वर ते नसेल तर गाडीचं पोट लागतं, खाली नसेल तर बंपर लागतो. मी कागदावर मांडून बघितलं: दोन्ही टोकांना ३-३ मीटर ८ टक्क्यांचे सोडले तर उरलेल्या ३४ मीटरला १८ च्या आत चढ बसतो. त्यासाठी २२ चा तुकडा जिथे वर संपतो तिथे वीसेक सेंटिमीटर कापायचं, आणि जिथे खाली सुरू होतो तिथे साधारण अर्धा मीटर भर घालायची. एवढंच. एका छोट्या जेसीबीचं एक-दोन दिवसांचं काम.

भर मात्र एकदम ओतून वरून रोलर फिरवायचा नाही. १५-१५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून ओलसर करायचं (चिखल नाही) आणि दाबायचं, मग पुढचा थर. हे चुकलं तर वरती सोनं अंथरलं तरी खचणार. तुमची सध्याची खडी फेकू नका, ती फोडलेली टोकदार असेल तर खालच्या थरात उत्तम बसेल. गोल गोटे असतील तर बागेत टाका, गोटे एकमेकांत अडकत नाहीत, कितीही दाबा.

टिवल्याबावल्या
जागा असेल तर वळण देऊन लांबी वाढवा ना. सॅन फ्रान्सिस्कोचा लोम्बार्ड स्ट्रीट असाच झाला, मूळ उतार २७ टक्के, गाड्यांना झेपेना, म्हणून १९२२ मध्ये त्या एका तुकड्यात आठ वळणं घातली. आता लोक ती वळणं बघायलाच येतात. तुमच्याकडे शेजारचे काका बघायला येतील.

आडवाट
काका तसेही येतात. :) वळणाला जागा नाही, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला बांध.

निळी_छत्री
आडवाट, नातूंनी दुसरा प्रश्न म्हटलाय तिकडे कुणी वळलंच नाही म्हणून मी लिहिते, कारण आमचे हात त्यात पोळलेत. आमचं तुमच्या उलट आहे, रस्ता वर आणि घर खाली. खडीचा उतार होता, आम्ही हौसेने काँक्रीट करून घेतलं, गुळगुळीत, आरशासारखं, सगळ्यांनी कौतुक केलं. पहिला मोठा पाऊस रात्री आला आणि सकाळी उठून बघते तर गॅरेजमध्ये घोट्याएवढं पाणी, त्यात चपला तरंगतायत. त्याआधी इतकी वर्षं एक थेंब आत आला नव्हता! मग लक्षात आलं की खडी थोडं पाणी पीत होती आणि उरलेल्याला अडवत अडवत सोडत होती, काँक्रीटने ते सगळं एकत्र करून थेट दारात आणून दिलं.

तुमचा हिशोब करा. ४० गुणिले ३ म्हणजे १२० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसत्या त्या पट्टीवर ६००० लिटर पाणी. त्यात छपराचं पाणी आणि बांधावरून येणारं वेगळं. ते सगळं वेगाने खाली रस्त्यावर जाणार, रस्त्यावरच्या गटारात जाणार का कुणाच्या फाटकात?

काम सुरू करायच्या आधी एकदा भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभ्या राहा (सॉरी, राहा म्हणजे तुम्ही, बाई समजून लिहिलं की काय मी) आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे खड्डा खणतं ते नुसतं बघा. फोटो काढा. खडीत पडलेल्या घळी हाच तुमचा नकाशा आहे, फुकट मिळालेला.

गवंड्याचा_नातू
निळी_छत्री यांना हजार वेळा अनुमोदन. त्यात भर: वरून येणारं पाणी चढावर येऊच द्यायचं नाही, दारासमोरच आडवी चर घेऊन बाजूला काढायचं. चढाला एका बाजूला २ टक्के झुकाव द्यायचा, ३ मीटरला ६ सेंटिमीटर, गाडीत बसून कळतही नाही. झुकाव बांधाच्या बाजूला, म्हणजे गाडी घसरलीच तर कुंपणाबाहेर न जाता बांधाला टेकेल. बांधाच्या पायथ्याशी उभं गटार. आणि खाली रस्त्याला लागायच्या आधी जाळी बसवलेली आडवी चर.

शेवटचा_बाक
काँक्रीटवाले इथे जमलेले दिसतायत म्हणून डांबराची बाजू मांडतो. लवकर होतं, एक-दोन दिवसांत गाडी नेता येते, खराब झालं तर ठिगळ लावता येतं, काँक्रीटचं ठिगळ कायम ठिगळच दिसतं. थंड प्रदेशात काळ्या रंगामुळे बर्फही लवकर वितळतो. इतके हमरस्ते डांबराचे उगाच नाहीत.

गवंड्याचा_नातू
हमरस्त्यावर १८ टक्के चढ नसतो हो. माझं डांबराशी वैर नाही, १० टक्क्यांपर्यंत मी स्वतः डांबर सांगेन. पण तीव्र चढावर दोन भानगडी. एक म्हणजे गरम माल दीडशे अंशांच्या आसपास येतो आणि ८०-८५ च्या खाली जायच्या आत दाबून व्हावा लागतो. छोट्या कामाला माल थोडा, तो भरभर थंड होतो, त्यात चढावर रोलर फिरवताना माल खाली सरकतो, मग ड्रायव्हर घाबरून रोलर हलका फिरवतो आणि दाब कमी पडतो. दुसरी म्हणजे कडक उन्हात ते मऊ होतं, आणि तुमची गाडी जिथे जोर लावते तिथेच चाक फिरून ते सोलून निघतं.

न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा बाल्डविन स्ट्रीट ऐकलाय का? जगातल्या सगळ्यात तीव्र चढाच्या रस्त्यांत गणला जातो, सर्वात उभ्या भागात जवळजवळ ३५ टक्के. त्याचा वरचा तुकडा मुद्दाम काँक्रीटचा आहे, खाचा पाडलेला, कारण डांबर उन्हात खाली ओघळलं असतं.

शेवटचा_बाक
ठीक आहे, १८ ला काँक्रीट. पण सपाटीला डांबरच, हे मी सोडणार नाही.
एक मात्र सांगतो, कुणी दार वाजवून 'पलीकडच्या कामातला डांबराचा माल उरलाय, आत्ताच्या आत्ता स्वस्तात करून देतो' म्हणाला तर दार लावून घ्या. उरलेला माल म्हणजे थंड माल, आणि खाली दाबलेला थर काहीच नसतो, नुसता काळा रंग फासल्यासारखं.

पानगळ
ब्लॉकबद्दल माझा अनुभव. दिसतात सुंदर, पाणी फटींतून मुरतं, एखादा निघाला तर बदलता येतो. पण आमच्या चढावर (तुमच्यापेक्षा कमी असेल, १२-१३ टक्के) दोन वर्षांत ब्लॉक हळूहळू खाली सरकले. वर एका ओळीत बोट जाईल एवढी फट आणि खाली सगळे एकमेकांना ढकलत वर उचललेले. खालची वाळू पाण्याबरोबर वाहून गेली होती. मग दुसऱ्या मिस्त्रीने सगळं उचकटून परत बसवलं: खाली पायथ्याशी काँक्रीटचा पट्टा, मध्ये ठरावीक अंतरावर आडवे पट्टे, दोन्ही कडा बांधलेल्या, वाळूऐवजी दगडाचा बारीक कच, ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, आणि सरळ ओळींऐवजी माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी, ती चाकाच्या जोराला एकमेकांत धरून राहते. सुरुवातही खालून वर. तेव्हापासून हललं नाही, पण एवढं काँक्रीट आधीच लागलं की वाटलं सगळंच काँक्रीट केलं असतं तर काय.

नुसताच_वाचक
फक्त दोन चाकांच्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या आणि मध्ये खडीच ठेवली तर? खर्च निम्मा.

गवंड्याचा_नातू
सपाट जागी बेस्ट. चढावर मधल्या खडीतून पाणी ओढ्यासारखं धावतं आणि पट्ट्यांच्या खालची माती पोखरतं. करायचंच तर मध्ये गोटे सिमेंटमध्ये बसवून घ्या.

स्क्रूड्रायव्हर
माझं एकच सांगणं. ओतायच्या आधी आडवे रिकामे पाईप टाकून ठेवा, दोन-तीन ठिकाणी, टोकं बंद करून. आज लागणार नाहीत. उद्या गेटला मोटर बसवाल, चढावर दिवे लावावेसे वाटतील, बागेला पाणी न्याल, आणि मग नवंकोरं काँक्रीट फोडायला ब्रेकर आणाल. आम्ही आणलाय. आणि पाईप कुठे आहेत त्याचा टेपसकट फोटो काढून ठेवा, नाहीतर पुरलेला हंडा शोधल्यासारखं होतं.

आणि घर नवीनच बांधलेलं असेल तर पाण्याची, ड्रेनेजची लाईन ज्या चरातून गेलीय ती माती अजून बसतेय का बघा. चढाला आडवा जरासा खोलगट पट्टा दिसत असेल तर तेच.

आणखी एक (एकच म्हटलं होतं, असो). सव्वाशे मिलिमीटर जाडी धरली तर तुम्हाला १५ घनमीटर काँक्रीट लागेल, म्हणजे जवळजवळ ३६ टन वजन. ६ घनमीटरची गाडी असेल तर तीन खेपा. ती गाडी तुमच्या चढावर चढणार आहे का? खाली उभी राहणार असेल तर पंप लागेल, हे आधी ठरवा, त्या दिवशी सकाळी नाही.

आडवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून भिंतीवर लावलंय. पावसात छत्री घेऊन उभा राहिलो, काकाही त्यांची छत्री घेऊन आले, त्यांनीच दाखवलं की बांधाच्या मधोमध एका ठिकाणाहून पाणी झऱ्यासारखं फुटतं. ते मला बापजन्मात दिसलं नसतं. काँक्रीट ठरलं. काम झालं की कळवतो.

आडवाट
मंडळी, साडेतीन महिन्यांनी परत आलोय. झालं एकदाचं!

कापणं-भरणं दोन नाही चार दिवस चाललं, मध्ये पाऊस आला. भर थराथराने झाली, मी खुर्ची टाकून बसलो होतो. बांधातल्या झऱ्याला भोकं पाडलेला पाईप, वर कापड गुंडाळून, थेट गटारात सोडला. रिकामे पाईप तीन टाकले, फोटोसकट.

सळईची जाळी पोरांनी जमिनीवर सपाट पसरली आणि 'ओतताना हुकने वर उचलतो साहेब' म्हणाले. नातू, तुम्ही नव्हतात पण तुमचा आवाज कानात आला. मी म्हटलं आत्ताच ठोकळ्यांवर ठेवा, जाळी तळाशी पडून राहिली तर तिचा उपयोग काय. तोंडं वाकडी झाली पण ठेवली. खालच्या टोकाला काँक्रीट जाड करून जमिनीत दात रोवल्यासारखं घेतलं, म्हणजे काँक्रीट खाली सरकणार नाही.

ओतायच्या दिवशी खरी लढाई झाली. माल घट्ट मागवला होता, उतारावर थांबावा म्हणून. पंपवाला म्हणे पाईपमध्ये अडकतोय, थोडं पाणी मारू का. तीन वेळा विचारलं त्याने! पाणी वाढवलं की माल पळतो आणि ताकदही जाते, मी नाही म्हणत राहिलो, शेवटी सावकाश का होईना गेला. खालून सुरुवात करून वर वर गेले. वरचा हात फिरवून झाला की एक म्हातारे मिस्त्री कडक झाडू घेऊन आडव्या रेघा ओढत वर निघाले, एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये उचलायचा नाही, उचलला की डाग पडतो. मधल्या तीव्र भागात त्यांनी पाईपचा तुकडा दाबून बोटाच्या पेराएवढ्या खोल तिरप्या खाचा पाडल्या, गटाराच्या बाजूला उतरत्या. पाणी त्या खाचांतून बाजूला पळतं आणि चाकाला पकड मिळते. मी अर्धा तास नुसता बघत होतो.

काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्यावर पाणी धरून ठेवणं हा वेगळा विषय. सपाट स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवतात, उतारावर ते थांबणार कसं? ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, त्यावर विटा, आणि दिवसातून तीन-चार वेळा नळी. सात दिवस केलं, गाडी त्यानंतरच वर नेली. महिनाभर ट्रक येऊ दिला नाही.

एक गडबड झालीच. दर ३ मीटरला साधारण ३ सेंटिमीटर खोल कटरने काप घ्यायचे ठरले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी. कटरवाला आलाच नाही, फोन बंद, उगवला तिसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत मधल्या भागात एक तडा त्याच्या मनाने निघून गेला होता, केसाएवढा, पण आहे. कंत्राटदार म्हणतो काँक्रीट आहे, तडा जाणारच. जाणारच म्हणूनच काप घ्यायचे होते ना, आम्ही सांगू तिथे जावा म्हणून! शेवटचा हप्ता मी त्यामुळे अडवलाय, तडा भरून दिल्याशिवाय देणार नाही.

बाकी गाडी चार माणसांसकट दुसऱ्या गिअरमध्ये वर जाते. चेंबर लागत नाही. काकांना चुकल्या-चुकल्यासारखं होतंय.

गवंड्याचा_नातू
वा! केसाएवढा तडा म्हणजे काही नाही, पण पाणी आत जाऊ नये म्हणून भरून घ्याच. हप्ता अडवलात ते बरोबर. पाण्याला तीन वेळा नाही म्हणालात ते सगळ्यात भारी.

निळी_छत्री
अभिनंदन! खालच्या चरीच्या जाळीची फट कुठल्या दिशेने आहे? आमच्याकडे चाकाच्या दिशेने उभी होती, मुलाच्या सायकलचं पुढचं चाक त्यात गेलं आणि तो हँडलवरून पुढे.

आडवाट
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. उभीच आहे. उद्या फिरवून बसवून घेतो.